डोक्यावर कर्ज, हातात पासपोर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहकारी बँकेच्या वसुली खात्यात माझी बावीस वर्षं गेली. टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे थकबाकीदार. निवृत्त झालो तरी माणसं यायची थांबली नाहीत, फक्त प्रश्न बदलले. पूर्वी विचारायचे, 'साहेब, हप्ता पुढच्या महिन्यात भरला तर चालेल का?' आता विचारतात, 'पोराला जर्मनीत नोकरी लागलीय, कार्डाचे पैसे थकलेत, पासपोर्ट अडेल का?' तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदा लिहून काढलं. हे भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्या, मुख्यतः महाराष्ट्रातल्या माणसांसाठी आहे. यानं वकिलाची गरज संपत नाही; वकिलाकडे जाताना पिशवीत कोणते कागद घालायचे तेवढं कळेल.

माझ्यावर कर्ज आहे, हप्तेही थकलेत. पासपोर्ट मिळेल का?

मिळेल. पासपोर्ट कुणाला नाकारायचा हे १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ मध्ये लिहिलेलं आहे. अर्जदार भारताचा नागरिक नसेल, त्याच्यामुळे देशाच्या सुरक्षेला धोका असेल, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात गेल्या पाच वर्षांत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेली असेल, फौजदारी कोर्टात खटला चालू असेल, समन्स किंवा वॉरंट निघालेलं असेल, देश सोडू नये असा कोर्टाचा हुकूम असेल, ही त्यातली मुख्य कारणं. थकलेला हप्ता त्यात कुठेही नाही. अर्जातही कर्जाचा रकाना नाही आणि पासपोर्ट सेवा केंद्रातल्या काउंटरवर कुणी तुमचं सिबिल उघडून बघत नाही.

'सार्वजनिक हित' असं एक मोघम कारण कायद्यात आहे. त्याच शब्दांवर १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट काढून घेतला होता. त्या खटल्यात १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की परदेशी जाणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि तो न्याय्य पद्धतीशिवाय हिरावून घेता येत नाही. म्हणजे बँकेनं पासपोर्ट कार्यालयाला पत्र लिहिलं, 'या इसमाकडे आमचे चार लाख येणे आहेत', तर त्या पत्राला एरवी कुणी विचारत नाही.

मग कर्जापायी लोकांचे पासपोर्ट अडतात, ते कसे?

चेकपायी. कर्ज घेताना सह्या करून दिलेले कोरे चेक आठवतात का? त्यातला एक बँकेनं वा फायनान्स कंपनीनं भरला आणि तो परत गेला, की दिवाणी उसनवारीचं प्रकरण फौजदारी होतं. हेच ते चेकसंबंधीच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, दंड चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत. आता चेकऐवजी खात्यातून परस्पर हप्ता कापायची मंजुरी घेतात. ती परत गेली तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ नुसार खटला तसाच होतो. पुष्कळांना वाटतं, की चेक दिला नाही म्हणजे आपण सुटलो. तसं नाही.

क्रम असा असतो. चेक परत गेल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस, आणि नाही भरले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. मग समन्स. समन्स जातं कर्जाच्या फॉर्मवरच्या पत्त्यावर, आणि तिथेच माशी शिंकते.

वाळवा तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे आला होता. नोकरीच्या सुरुवातीला चिंचवडला भाड्याच्या खोलीत राहायचा, तेव्हा मोबाईल आणि दुचाकीसाठी कर्ज घेतलेलं. नंतर खोली बदलली, नंबर बदलला, शेवटचे काही हप्ते राहिले. रक्कम पन्नास हजारांच्या आत. तीन वर्षांनी पासपोर्टचा अर्ज केला आणि पडताळणीला बोलावणाऱ्या हवालदारानं विचारलं, 'तुझ्या नावाचं वॉरंट आहे, तुला माहीत नाही?' समन्स जुन्या खोलीवर जाऊन परत आली होती, मग जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. पोरगा बिचारा लपला नव्हता. पण कागदावर तो कोर्टाला चुकवणारा आरोपी होता.

माझ्या नावावर असा खटला आहे की नाही, हे आधी कसं बघायचं?

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईल ॲपवर पक्षकाराच्या नावानं शोधता येतं. फुकट आहे. पण शोधताना दोन चुका होतात.

पहिली, जिल्ह्याची. लोक आपलाच जिल्हा बघतात. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, दिलेला चेक ज्याच्या खात्यात भरला जातो त्या सावकाराच्या बँकेची शाखा जिथे, तिथल्या कोर्टात तक्रार दाखल होते. कर्ज घेतलं साताऱ्यात, कंपनीचं खातं चेन्नईत किंवा गुरुग्रामला, तर खटला तिकडे. म्हणून सावकाराचं मुख्य कार्यालय कुठे आहे ते करारावर बघा आणि त्या शहराचं कोर्टही चाळा.

दुसरी चूक स्पेलिंगची. 'शिंदे' पाच तऱ्हांनी लिहिलेलं मी पाहिलंय. वडिलांच्या नावासह, नावाशिवाय, आडनाव आधी, आडनाव शेवटी, असं सगळं करून बघा. अर्धा दिवस जातो. तो अर्ध्या दिवसाचा कंटाळा विमानाच्या तिकिटाच्या नुकसानीपेक्षा स्वस्त पडतो.

खटला निघाला. आता पासपोर्टचं विसरायचं का?

नाही. २५ ऑगस्ट १९९३ ची परराष्ट्र मंत्रालयाची एक अधिसूचना आहे, क्रमांक जीएसआर ५७०. खटला ज्या कोर्टात चालू आहे तिथे अर्ज करून परदेशी जायची परवानगी मागायची. कोर्टानं दिली, तर आदेशात लिहिलेल्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो. आदेशात मुदत लिहिलीच नसेल तर एका वर्षाचा मिळतो, म्हणून वकिलाला मुदत स्पष्ट मागायला सांगा. नोकरीचं पत्र, किती दिवस जाणार, तारखेला हजर कोण राहणार, हे अर्जात असलं की काम सोपं होतं. चेकच्या खटल्यात बऱ्याचदा याहून जवळची वाट असते, ती म्हणजे तडजोड. हा गुन्हा आपसात मिटवता येतो, लोकअदालतीतही मिटतो.

आणि एक लक्षात ठेवा. नुसती एफआयआर झाली म्हणजे 'खटला प्रलंबित' होत नाही. कोर्टानं त्या प्रकरणाची दखल घेतलेली असेल तरच तो प्रलंबित धरायचा, असं मंत्रालयानं १० ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. शेजाऱ्यानं नोंदवलेली एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, तर त्याहून खालची गोष्ट. पडताळणीवाला तेवढ्यावर शेरा मारत असेल तर परिपत्रकाची प्रत दाखवा.

अर्जात 'खटला नाही' असं लिहून टाकलं तर?

खोटी माहिती देणं हा पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ चा स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मिळालेला पासपोर्टही रद्द होतो. चाळीस हजारांच्या हप्त्यांसाठी असं काही करू नका.

बँकेनं पासपोर्ट तारण म्हणून मागितला. देऊ का?

देऊ नका. पासपोर्ट तुमचाही नसतो, कायद्यानं तो केंद्र सरकारच्या मालकीचा असतो. तो अडकवून ठेवायचा अधिकार पासपोर्ट कायद्यानं पासपोर्ट अधिकाऱ्याला दिलाय, आणि सुरेश नंदा प्रकरणात २००८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की पोलीस किंवा फौजदारी कोर्टसुद्धा सर्वसाधारण अधिकारात तो अडकवून ठेवू शकत नाही. मग फायनान्स कंपनीच्या ब्रँच मॅनेजरचं काय घेऊन बसलात. प्रत हवी तर द्यावी. पन्नास कोटींच्या वरच्या कर्जात तर बँकांनी पासपोर्टचा तपशील घ्यावा असं अर्थ खात्यानं मार्च २०१८ मध्येच सांगितलंय. तपशील घेणं वेगळं, पुस्तिका कपाटात कोंडणं वेगळं.

वसुलीवाला फोनवर म्हणतो, 'एअरपोर्टवरच उचलतो'. खरं आहे का?

ही धमकी आमच्या खात्यातही दिली जायची. मी स्वतः दिली नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. तिच्यात दम किती, ते सांगतो.

विमानतळावर अडवण्यासाठी जो कागद लागतो त्याला लुक आउट सर्क्युलर म्हणतात. तो गृह खात्याच्या इमिग्रेशन विभागाकडे असतो आणि तो मागायचा अधिकार ठरावीक सरकारी अधिकाऱ्यांना व कोर्टांना आहे. २०१८ मध्ये सरकारनं या यादीत सरकारी बँकांचे अध्यक्ष, व्यवस्थापकीय संचालक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी घातले. मग थकबाकीदारांच्या, जामीनदारांच्या, अगदी कंपनीतून कधीच बाहेर पडलेल्या संचालकांच्या नावानंही सर्क्युलरं निघू लागली. २३ एप्रिल २०२४ रोजी मुंबई हायकोर्टानं न्या. गौतम पटेल आणि न्या. माधव जामदार यांच्या निकालात बँकप्रमुखांना हा अधिकार देणारं कलम घटनाबाह्य ठरवलं. सरकारी बँकेला जी सोय, ती खाजगी बँकेला नाही, हा भेदसुद्धा कोर्टाला पटला नाही. पण कोर्टानं, न्यायाधिकरणानं किंवा तपास यंत्रणेनं दिलेले स्वतंत्र मनाई आदेश या निकालानं रद्द झालेले नाहीत. वीस लाख व त्यावरची प्रकरणं कर्जवसुली न्यायाधिकरणात जातात. तिथे तुमच्यावर देश न सोडण्याचा आदेश झालेला असेल तर तो आहेच.

तेव्हा क्रेडिट कार्डाच्या सव्वा लाखासाठी सहार विमानतळावर कुणी उभं राहत नाही. वसुली एजंटानं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या वेळेबाहेर आलेल्या फोनांची नोंद ठेवा, तक्रारीत उपयोगी पडते.

एक धोका मात्र कुणी सांगत नाही. दिवाणी कायद्यात अशी तरतूद आहे, की प्रतिवादी पैसे चुकवण्याच्या हेतूनं देश सोडायच्या बेतात आहे असं कोर्टाला पटलं, तर निकालाआधीच त्याला वॉरंट काढून बोलावता येतं आणि तारण मागता येतं. घर विकायला काढलं, सामान आवरलं आणि चौकात सांगत सुटलात, 'आता बघू बँक काय करते', तर पुरावा तुम्हीच गोळा करून दिलात.

विजय मल्ल्या गेला की! त्याला कुणी अडवलं?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, बहुधा चहाच्या वेळी. तो २ मार्च २०१६ ला गेला, पासपोर्ट त्या एप्रिलमध्ये रद्द झाला. तेव्हा तो ब्रिटनमध्ये होता आणि रद्द पासपोर्टमुळे माणूस आपोआप परत येत नाही. मात्र पुढचं ऐका. भारतातल्या कर्जवसुली न्यायाधिकरणाचा निकाल भारतीय बँकांनी इंग्लंडच्या कोर्टात नोंदवून घेतला आणि २०२१ मध्ये तिथल्या कोर्टानं त्याला दिवाळखोर जाहीर केलं. त्याच्या जाण्यानंतर २०१८ मध्ये आलेला फरार आर्थिक गुन्हेगार कायदा शंभर कोटी आणि वरच्या प्रकरणांसाठी आहे. तुमचं-आमचं त्यात काही नाही.

आयकर थकलाय. विमानात बसायला आयकर खात्याचा दाखला लागतो म्हणतात?

२०२४ च्या अर्थसंकल्पानंतर व्हॉट्सॲपवर हे फार फिरलं. 'आता प्रत्येकाला टॅक्स क्लिअरन्स!' असा मजकूर, खाली तीन लाल चिन्हं. तेव्हा प्रत्यक्षात एवढंच झालं, की आयकर कायद्यात आधीच असलेल्या कलम २३० मध्ये काळ्या पैशाच्या कायद्याखालच्या देण्यांचा उल्लेख जोडला गेला. ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष कर मंडळाला खुलासा करावा लागला, की नियम २००४ पासून आहे तोच आहे.

तो नियम असा. भारतात कायम राहणाऱ्या माणसाला दाखला दोनच परिस्थितींत मागितला जाऊ शकतो. एक, गंभीर आर्थिक गैरव्यवहारात त्याचा हात आहे, चौकशीला तो इथे असणं गरजेचं आहे आणि त्याच्यावर कराची मागणी निघण्याची शक्यता आहे. दोन, त्याच्याकडे १० लाखांहून जास्त प्रत्यक्ष कर थकलेला आहे आणि त्या वसुलीला कुठल्याही अधिकाऱ्यानं वा कोर्टानं स्थगिती दिलेली नाही. त्यातही कारणं लिहून काढावी लागतात आणि प्रधान मुख्य आयुक्त किंवा मुख्य आयुक्तांची मंजुरी लागते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा लागू झाल्यामुळे कलमांचे आकडे बदललेत, म्हणून जुना लेख वाचताना आकड्यावर अडून बसू नका.

माझी थकबाकी दहा लाखांच्या आत आहे. मग सोडून देऊ?

देऊ नका, कारण तिला महिन्याला एक टक्का व्याज लागतं आणि तुम्ही टोरांटोत झोपलेले असतानाही लागतं. आधी आयकराच्या पोर्टलवर जाऊन थकीत मागणी हा भाग उघडा. गंमत अशी, की निम्म्या लोकांची थकबाकी खरी नसतेच. कंपनीनं टीडीएस कापला पण चुकीच्या पॅनवर भरला, किंवा जुन्या वर्षाचं चलन जुळलं नाही, अशी भानगड असते. तिथेच 'मागणी मान्य नाही' असं कारणासह नोंदवता येतं. २००९-१० या आर्थिक वर्षापर्यंतच्या २५ हजारांपर्यंतच्या, आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या १० हजारांपर्यंतच्या मागण्या सरकारनं २०२४ मध्ये काढून टाकल्या, माणशी एकूण एक लाखाच्या मर्यादेत. तुमची त्यात गेली का बघा.

खरी असेल आणि पटत नसेल तर अपील करा. साधारण वीस टक्के रक्कम भरली की अपिलाचा निकाल लागेपर्यंत उरलेल्या वसुलीला स्थगिती मिळते. आणि स्थगिती मिळालेली रक्कम वरच्या दहा लाखांत धरत नाहीत. विवरणपत्रच भरलं नसेल तर 'अपडेटेड रिटर्न' म्हणून चार वर्षांपर्यंत मागे जाऊन भरता येतं, २५ ते ७० टक्के जादा कर मोजून. महाग आहे, पण शेंगेन व्हिसावाले विवरणपत्रं मागतात तेव्हा हातात काहीतरी असतं.

घरपट्टी, व्यवसाय कर, जीएसटी?

पासपोर्टशी संबंध नाही. घरपट्टीवर मुंबई-पुण्यात महिन्याला दोन टक्के शास्ती चढते, त्यामुळे बंद फ्लॅटची घरपट्टी भावाला सांगून जाऊ नका, स्वतः ऑनलाइन भरा. जुन्या विक्रीकराच्या थकबाकीसाठी राज्य सरकार अधूनमधून अभय योजना काढतं. दुकान बंद करून निघालेल्यांनी तिची वाट बघून मिटवावं.

व्हिसावाले सिबिल बघतात का?

सिबिल नाही, बँकेचे उतारे बघतात. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मेव्हण्यानं टाकलेले आठ लाख त्यांना लगेच दिसतात. कॅनडाच्या कायम वास्तव्यासाठी आणि आखातातल्या बऱ्याच नोकऱ्यांसाठी पोलीस दाखला लागतो. त्याची फी पाचशे रुपये, आणि चेकचा खटला तिथे पुन्हा आडवा येतो.

तीन वर्षं बाहेर काढली की कर्ज मुदतबाह्य होतं ना?

ही समजूत कुणी पसरवली कोण जाणे. साध्या कर्जाच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची, गहाणाला बारा, इथवर बरोबर. पण १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १५ मध्ये लिहिलंय, की प्रतिवादी भारताबाहेर असेल तो काळ मुदतीत धरायचा नाही. तुम्ही विमानात बसलात की घड्याळ थांबतं. दहा वर्षांनी नारळ वाढवायला गावी आलात की ते पुन्हा टिकटिकायला लागतं. शिवाय मध्येच एखाद्या ईमेलला 'देतो हो, थोडा वेळ द्या' असं सही-नावानिशी उत्तर दिलं आणि तेव्हा मुदत संपलेली नसेल, तर तिथून नवी मुदत सुरू होऊ शकते. थकलेल्या कर्जासाठी बाहेर जाणं हा उपाय नव्हेच. बाहेर जाऊन कमवून फेडणं, हा आहे.

मी गेल्यावर जामीनदाराचं काय होतं?

खरं तर हा प्रश्न मला फार कमी लोक विचारतात. जामीनदार विचारतात. ते नंतर येतात, एकटे, आणि बहुतेक वेळा बायकोला न सांगता.

कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडे जा, मग माझ्याकडे या, असं त्याला म्हणता येत नाही. पतसंस्था आणि सहकारी बँकांना तर दिवाणी दाव्याची वाटही बघावी लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो, आणि कलम १५६ खाली वसुली अधिकारी जप्तीला निघतो. त्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. पगारदार संस्थेत कर्ज असेल तर कलम ४९ नुसार हप्ता पगारातूनच कापला जातो. कर्जदार दुबईत असला तर त्याचा पगार इथे कुठून येणार? मग कापला जातो जामीनदाराचा, महिन्याच्या महिन्याला, वाण्याच्या उधारीच्या आधी.

मी ज्यांच्या सातबारावर बोजा चढवला, त्यात कितीतरी मामा होते. मामा म्हणजे खरोखरच आईचा भाऊ. भाच्याला ट्रॅक्टरसाठी, दुकानासाठी, बाहेर जायच्या खर्चासाठी सही दिलेली. एकदा एक मामा जप्तीच्या दिवशी आम्हाला चहा विचारत होते. भाचा फोन उचलत नव्हता. त्याचा नंबर परदेशी झालेला. मामांनी त्याच्याबद्दल एक वाईट शब्द काढला नाही, फक्त विचारलं, 'त्याला तिकडं बरं आहे ना?' मला काय माहीत!

तेव्हा जाण्याआधी जामीनदाराच्या हातात तीन गोष्टी ठेवा: कर्जखात्याचा क्रमांक, हप्ता कुठून जाणार त्याची माहिती, आणि तुमचा तिकडचा पत्ता. जामीनदारानं पैसे भरले तर ते तुमच्याकडून वसूल करायचा हक्क त्याला करार कायद्यानं आहे, पण सख्ख्या भाच्यावर दावा लावणारा मामा मी अजून पाहिलेला नाही.

शैक्षणिक कर्ज घेऊन जाणाऱ्यांनी काय बघावं?

इथे बाहेर जाणं हाच कर्जाचा हेतू, त्यामुळे चोरीचं काही नाही. बघायचं एवढंच, की आईवडील सहकर्जदार असतात, आणि घर तारण असेल तर सरफेसी कायद्यानुसार साठ दिवसांची नोटीस देऊन बँक त्या घराचा ताबा मागू शकते. शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेली आहे. नोकरी लागायला उशीर होत असेल तर हप्ते थांबायच्या आधी बँकेला ईमेल लिहा. तीन हप्ते थकून खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, झालं, की शाखाधिकाऱ्याच्या हातातलं बरंच काही निघून जातं.

बाहेर गेल्यावर इथल्या खात्यांचं काय करायचं?

नोकरीसाठी गेलात की फेमा या परकीय चलन कायद्याच्या नियमानुसार साधं बचत खातं चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथल्या पैशांचं खातं, करून घ्यायचं. हप्ता त्या खात्यातून किंवा बाहेरची कमाई ठेवायच्या एनआरई खात्यातून जाऊ शकतो. पण बहुतेकांचा हप्ता पैशांअभावी नव्हे, सिमकार्डाअभावी थकतो. इथला नंबर बंद पडतो, ओटीपी येत नाही, खातं उघडत नाही, हप्ता परत जातो, आणि मग वर सांगितलेलं कलम २५. निघण्याआधी इथलं सिम रोमिंगसह जिवंत ठेवायची व्यवस्था करा. आयकर पोर्टलवर ईमेल आणि पत्ता बदला. ईमेलवर आलेली नोटीस ही मिळालेली नोटीस धरली जाते, तुम्ही ती उघडा न उघडा.

दुबईत कर्ज झालं आणि मी परत रत्नागिरीला आलो. आता सुटलो ना?

जानेवारी २०२० पासून नाही. त्या महिन्यात भारतानं संयुक्त अरब अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली मान्यता दिली. तिथल्या कोर्टाचा पैशाचा हुकूमनामा आता रत्नागिरीच्या जिल्हा कोर्टात जणू इथलाच असल्यासारखा बजावता येतो. उलट, तिकडे असतानाच कर्ज थकलं तर देश सोडायची बंदी तिकडे लागू शकते, आणि ती इथल्या धमकीसारखी पोकळ नसते.

आखातात पहिल्यांदा जाणाऱ्यांना जाताजाता दोन गोष्टी. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. दीड लाख सावकाराकडून काढून एजंटाला देणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. आणि दहावी नापास माणसाच्या पासपोर्टवर 'इमिग्रेशन तपासणी आवश्यक' असा शेरा पडतो, पण तो आयकर भरत असेल तर शेऱ्यातून सूट मिळते. कर भरल्याचा रोकडा फायदा मला तरी हा एकच दाखवता येतो.

गोव्यात आजोबांचा जन्म आहे. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तर इथली देणी संपतात?

१९६१ च्या डिसेंबरआधी गोव्यात जन्मलेल्यांच्या वारसांना लिस्बनला जन्मनोंद करून तो मिळू शकतो. पण मग भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. देणी माणसाची असतात, नागरिकत्वाची नाहीत. म्हापशाच्या बँकेला तुमचा पासपोर्ट कुठल्या रंगाचा आहे याच्याशी कर्तव्य नाही.

माझा भाऊ अमेरिकेचा नागरिक झालाय. तिथे म्हणे कर थकला की पासपोर्ट जातो?

त्याचं खरं आहे. तिथे २०१५ च्या कायद्यानं ५० हजार डॉलर, आणि महागाईप्रमाणे वाढत जाणारी रक्कम, याहून जास्त कर थकला की कर खातं परराष्ट्र खात्याला कळवतं आणि पासपोर्ट नाकारला वा रद्द केला जाऊ शकतो. हप्ते बांधून घेतले तर ते टळतं. आपल्याकडे असा कायदा नाही. त्याचे नियम तुम्हाला लावून घाबरू नका, आणि तुमचे त्याला सांगून त्याला निर्धास्त करू नका.

जाण्याआधी एकरकमी तडजोड करावी का?

पैसे असतील तर करावी, पण एक माहीत असू द्या: तडजोड केलेलं खातं सिबिलमध्ये 'सेटल्ड' दिसतं, पूर्ण फेडलेलं 'क्लोज्ड' दिसतं. पुढे इथे घर घ्यायचा विचार असेल तर थोडे जास्त देऊन 'क्लोज्ड' करून घेणं बरं. तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर, रक्कम आणि तारीख लिहिलेलं, पैसे भरायच्या आधी हातात हवं. एजंटाच्या फोनवरचं 'होऊन जाईल सर' म्हणजे पत्र नव्हे.

पैसे भरल्यावर 'नो ड्यूज' घ्या, कोर्टात खटला असेल तर तो काढून घेतल्याचा आदेश घ्या, तारण असेल तर तलाठ्याकडे जाऊन बोजा कमी झाल्याचा फेरफार बघा. आणि सह्या केलेले न वापरलेले चेक परत मागा. 'फाइलमध्ये सापडत नाहीत' असं सांगतील. तर तसं लिहून मागा आणि खाली शाखाधिकाऱ्याची सही-शिक्का घ्या.